बेसमेंटमधलं विसर्जन

"तेहतीस कोटी! सांग त्याला, तेहतीस कोटी!"

हा माझा आवाज, सुध्या. तुझ्या बेसमेंटच्या जिन्यावरून. स्कारबरोतून निघालेला तो आवाज लेक ओंटारिओ ओलांडून पलीकडे अमेरिकेत पोचला असणार, पण खाली चार हातांवर उभ्या असलेल्या तुला काही तो ऐकू आला नाही. तू पँट गुडघ्यापर्यंत दुमडून घोट्याएवढ्या चिखलात उभा, आणि समोर विमा कंपनीचा माणूस, नुकसान तपासायला आलेला. तो हिंदीत विचारत होता, भाईसाहब, हे सगळे गणपती घरच्या पूजेसाठीच आहेत ना?

उत्तर किती सोपं होतं. आमचे देव तेहतीस कोटी. त्यातले जेमतेम दीडशे या माणसाने बेसमेंटमध्ये ठेवलेत, म्हणजे खरं तर फारच आळशी हिंदू. ओंटारिओतल्या माझ्या केंब्रिजहून निघाल्यापासून फोर-ओ-वन हायवेवर गाडी चालवत मी या वाक्याची तालीम करत आलो होतो. मिसिसागापर्यंत तर शेजारच्या ट्रकवाल्यालाही ते पटलं होतं. आणि तू एवढं तयार, भाजून, तूप लावून ताटात वाढलेलं खोटं तसंच ठेवलंस.

आता तू नाहीस, तर निदान आता तरी भांडू दे.

हा चिखल झाला त्या दिवशीचं हळदीकुंकू तुला आठवत असेल. संक्रांतीचं, ओकव्हिलला, आपल्या मराठी मंडळातल्या डॉक्टरसाहेबांच्या तळ्याकाठच्या बंगल्यात. थंडी अशी की माझी सावली गाडीतून उतरायला तयार नव्हती. बायका आत वाण लुटत होत्या, आणि बाहेरच्या खोलीत मी कॅनडातल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात अस्वलाला तिळगूळ कसा दिला ते सांगत होतो. तू कोपऱ्यात बसून हसत होतास. ती गोष्ट तू दर संक्रांतीला ऐकलीस आणि दर संक्रांतीला अस्वल थोडं मोठं झालेलं निमूट पाहिलंस. त्याच वेळी इकडे तुझ्या घरात, बेसमेंटच्या छताजवळचा पाइप गोठून फुटला होता. नेमका तू घडवलेले गणपती मांडलेल्या फळ्यांच्या डोक्यावर.

परत येऊन नलूवहिनींनी खालचा दिवा लावला आणि एकदाच हाक मारली. मी तुम्हाला सोडायला आलो होतो, म्हणून मीही पाहिलं. गणपती नव्हते. फळ्या होत्या, पाणी होतं, आणि पाण्यावर पाट तरंगत होते. ज्याने त्याने दिवाळीनंतर तुझ्याकडे आणून ठेवलेले पाट. कुणाचा सागवानी, घरून बोटीने आणलेला. नव्या पोरांचे भाजी चिरायचे बोर्ड. प्रत्येकाच्या पाठीवर घराण्याचं नाव. जोशी चालले होते जिन्याकडे, कुलकर्णी हीटरला धडकत होते. दीडशे घरांचे गणपती कच्च्या मातीचे, न भाजलेले, न रंगवलेले, आणि ती सगळी माती खाली बसून पाणी दुधासारखं झालं होतं. मी लोकांना सांगताना पाचशे गणपती सांगतो. तू हयात असतास तर मध्येच म्हणाला असतास, "दीडशे, मध्या." म्हणून आज दीडशेच.

तू काय केलंस? चपला काढल्यास, पाण्यात उतरलास आणि हात जोडलेस. वहिनी रडत होत्या, मी पाण्याचा कॉक शोधत शिव्या देत होतो, आणि तू म्हणालास, "झालं विसर्जन. यंदा पाहुणे यायच्या आधीच गेले."

तुझ्या या शांतपणाचा मला तेव्हाही राग आला होता. आजही आहे.

आयुष्यभर तू दातांच्या लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घडवल्यास. माझीही कवळी तुझीच. तू ती बसवलीस तेव्हा म्हणाला होतास की जरा जपून वापर, थापा मारताना सैल होते. अजून झाली नाही सैल. माझ्या प्रत्येक थापेच्या तोंडात तुझे खरे दात आहेत, ही गोष्ट मला आजकाल जेवताना आठवते. संध्याकाळी लॅबमधून घरी आलास की बेसमेंटमध्ये उतरायचास आणि पेणला मामाच्या कारखान्यात शिकलेलं काम करायला बसायचास. जन्मभर दात घडवणाऱ्याने शेवटी एकच दात असलेला देव धरला, असं मी मंडळात सांगायचो, आणि त्यावर सगळ्यात मोठ्यांदा डॉक्टरसाहेब हसायचे.

पेणचं सगळं तू इथे आणलंस. माती नाही आणता आली, ती इथल्या कुंभारकामाच्या दुकानातली. पण रीत आणलीस. माणसाने पाट आणायचा, त्यावर सुपारी ठेवायची, मग त्याचा गणपती. किंमत विचारायची नाही. चतुर्थीच्या आधी न्यायला आलं की पायाशी पाकीट ठेवायचं, ज्याला जे वाटेल ते. कुणी चुकून "काका, किती झाले?" असं विचारलं की तुझा चेहरा असा व्हायचा, जणू त्याने तुझ्या आईचा भाव केला. "देव विकत नाहीत," एवढं बोलायचास आणि त्याच्या हातात मोदक द्यायचास. आणि विसर्जनही तळ्यात नाही, घरच्या बादलीत; माती परत आणून द्यायची. पुढच्या वर्षीचा गणपती त्याच मातीचा. असलं काही मला सुचलं असतं तर मी त्याचा धर्म काढला असता.

आणि याच रीतीने तुझा घात केला. सुध्याखेरीज हे वाचणाऱ्या बाकीच्यांनी इथे जरा थांबावं, कारण उद्या तुमच्याही घरी हे होईल. घराचा विमा उतरवताना एजंट बाईने फोनवर विचारलं होतं, घरातून काही बिझनेस करता का? तू "नो" म्हणालास. वहिनी ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी हळूच म्हटलं, "अहो, सांगा ना खालचं." तू फोनवर हात ठेवून त्यांना म्हणालास की खालचं म्हणजे काय बिझनेस आहे का. खोटं बोलला नाहीस. तीच तर मेख. माझ्यासारख्याने "नो" म्हटलं असतं तर पुढची चार वाक्यं तयार ठेवली असती. तू मनापासून "नो" म्हणालास, आणि मनापासून म्हटलेल्या खोट्याला पुढे काही आधार नसतो.

मला नंतर कळलं, कळलं कसलं, मी त्या एजंट बाईच्या ऑफिसात जाऊन बसलो आणि ती मला बाहेर काढेपर्यंत विचारत राहिलो. घरातून काही करून देणाऱ्यांसाठी घराच्या पॉलिसीला जोड मिळते. किरकोळ असते. केक करणाऱ्या बाया घेतात, शिवणकाम करणारे घेतात, तळघरात तबला शिकवणारे घेतात. त्यात तयार माल येतो, अवजारं येतात, लोकांच्या आपल्याकडे ठेवलेल्या वस्तू येतात, कुणी आपल्या जिन्यावरून घसरला तर तेही येतं. नुसत्या घराच्या पॉलिसीत यातलं नावालाच काही असतं. आणि वर, जे चाललंय ते कळवलं नसेल, तर कंपनी म्हणू शकते की आम्ही वेगळ्याच घराचा विमा उतरवला होता. हे सगळं त्या बाईने मला शांतपणे सांगितलं. मी म्हटलं, "मग त्या वेळी का नाही सांगितलंत?" ती म्हणाली की विचारलं होतं.

तर पुन्हा त्या चिखलात. तो तपासायला आलेला माणूस गुजराती, साधारण आपल्यापेक्षा थोडा तरुण, मनगटाला लाल दोरा. तू हे पाहिलं नसशील, मी वरून पाहत होतो: जिन्याशी आला, खाली फळीवर कडेला उरलेली एक सोंड त्याला दिसली, आणि त्याने बूट काढले. कॅनडातल्या जानेवारीत, मोज्यांनिशी तो त्या चिखलात उतरला. मला वाटलं, जिंकलो. ज्याने बूट काढले तो क्लेम नाकारणार नाही. माणसं ओळखण्यात मी इतका मोठा तज्ज्ञ, की आजवर एकदाही बरोबर आलेलो नाही.

माझी ती तेहतीस कोटींची आरोळी त्याने ऐकली होती. मुंबईत वाढलेला, मराठी समजत होतं त्याला. त्याने वर माझ्याकडे पाहिलं, मग तुझ्याकडे वळून म्हणाला, "ऊपरवाले साहब ठीक बोल रहे हैं क्या?"

सुध्या, तो वाट बघत होता. तो माणूस पेन हातात धरून, ओल्या मोज्यांत उभा राहून तुझ्या एका "हां" ची वाट बघत होता. त्याला ते "हां" हवं होतं. मी आयुष्यभर लोकांना थापा विकल्या आहेत, विकत घ्यायला आलेलं गिऱ्हाईक मला लांबून ओळखू येतं.

आणि तू म्हणालास, "नहीं. एक मेरा है. बाकी लोगों के घर के हैं."

"मतलब बेचते हैं?"

"बेचते नहीं. देते हैं."

"और वो लोग कुछ देते हैं?"

"जो मन में आए."

त्याने पेन खिशात ठेवलं. त्याचा आवाज एकदम खाली गेला. "भाईसाहब," तो म्हणाला, "कंपनी इसको बिझनेस बोलती है."

तू त्याला वर नेऊन चहा दिलास. वहिनींकडून कोरडे मोजे मागवून दिलेस. तो ते मोजे घालून गेला, आणि पुढच्या आठवड्यात फोनवर कंपनीचा नकार आला. गणपतींचं तर नाहीच, पण बेसमेंटच्या भिंती, फरशी, घर तापवायची भट्टी, काहीच नाही. मी तुला विचारलं, अरे, निदान गप्प तरी बसायचं होतंस. तू म्हणालास, "मध्या, गणपतीसमोर उभा राहून गणपतीबद्दलच खोटं बोलू?" मी म्हटलं, गणपती विरघळले होते. तू म्हणालास, "म्हणून काय झालं, पायाखालीच होते."



मग आपली माणसं. मंडळाच्या बैठकीत मी विषय काढला, की याचं घर उघडं पडलंय, काहीतरी करू या. सगळ्यांनी माना हलवल्या. आपल्या लोकांच्या माना इतक्या हलतात की त्यावर वीज तयार करता येईल. डॉक्टरसाहेब म्हणाले, "पण सुधाकर काही घेतच नाही ना. त्याला आपण काही देऊ केलं तर तो अपमान समजेल." सगळ्यांना ते फार पटलं. तुझा स्वाभिमान जपायचा म्हणून कुणी काही केलं नाही. तुझ्या तत्त्वाची एवढी काळजी तू स्वतःसुद्धा कधी घेतली नसशील.

आणि तू? तू सगळा चिखल बादल्यांनी भरून गॅरेजमध्ये नेलास. म्हणालास, लोकांनी सुपारी ठेवली आहे. वहिनी म्हणाल्या की सुपाऱ्या तर वाहून गेल्या. तू म्हणालास, ठेवली ती ठेवली.

ते गॅरेज मी विसरणार नाही. एक छोटा हीटर, तो पायांना भाजायचा आणि पाठीला ओळखही द्यायचा नाही. मी दर शनिवारी केंब्रिजहून येऊन माती मळायचो. तिथे माझं खरं काम मळण्याचं नव्हतं, बोलण्याचं होतं, हे आपल्या दोघांनाही माहीत होतं. मी बोलत असलो की तुझे हात भरभर चालायचे. माझ्या नोकरीच्या कारखान्यात मी एकट्याने उचललेली गाडी, मी बर्फातून खणून काढलेला पोस्टमन, या सगळ्या थापांवर तू सोंडा वळवल्यास. फक्त डोळ्यांची आखणी करायला ब्रश उचललास की तू डावा हात वर करायचास आणि मी गप्प व्हायचो. जगात मला गप्प करू शकणारा एकच माणूस होता. वहिनी दारात रंगांच्या वाट्या घेऊन उभ्या असायच्या. मुकुट, शेला, दागिने, सगळं रंगकाम आधीपासून त्यांचंच. त्या शनिवारांसाठी मी तुझा ऋणी आहे, सुध्या. तुझ्याशी भांडता भांडता मला जेवढं समाधान मिळालं तेवढं लोकांच्या टाळ्यांनी कधी दिलं नाही.

भांडण एकच होतं. मी म्हणायचो, पुढच्या वर्षीसाठी ती जोड घे. एक फोन कर, एक शब्द बोल. बोल की आम्ही विकतो. तू म्हणायचास, त्या शब्दाशिवाय देत असतील तर घेतो. मी म्हणायचो, त्या शब्दाशिवाय कॅनडात श्वासही देत नाहीत. एकदा मी चिडून म्हटलं की तुझा देव त्या एका शब्दाने बाटतो, एवढा तो पातळ आहे का. तू मान वर न करता म्हणालास, "पातळच आहे रे. पाहिलास ना." वहिनी दारात हे ऐकत होत्या. त्यांच्या वाटीतला थोडा केशरी रंग उंबऱ्यावर सांडला. तू ठरलेलं वाक्य म्हणालास, "गणपती होऊ देत. मग बघू."

चतुर्थीच्या आधी सगळे आले, आपापले गणपती घेऊन गेले. खाली बेसमेंटमध्ये कुणी उतरून पाहिलं नाही; तिथे आता भिंतींच्या जागी नुसत्या फळ्या आणि काळी बुरशी. तुझा खोकला मात्र सगळ्यांनी ऐकला आणि आलं-मध सुचवलं. डॉक्टरसाहेबांनी आपला गणपती हातात फिरवून पाहिला आणि म्हणाले की यंदा सुबक झालाय, पुढच्या वर्षी फक्त थोडा मोठा कर. तू हो म्हणालास.

गणपती झाले. मग तू बघितलं नाहीस. मेपलची पानं गळायच्या आत तू गेलास. हॉस्पिटलने हृदय म्हटलं. मी गॅरेज म्हणतो.

शोकसभेत सगळे चांगलं बोलले. निःस्वार्थ, निःस्वार्थ, निःस्वार्थ. हा शब्द इतक्यांदा आला की शेवटी मला तो शिवीसारखा ऐकू यायला लागला. मला बोलायला बोलावलं तेव्हा लोक हसायच्या तयारीने सावरून बसले. मी उठलो आणि मला काही सुचेना. चाळीस वर्षांत पहिल्यांदा, तुझे दात तोंडात असून मला काही सुचलं नाही. मी खाली बसलो. डॉक्टरसाहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो मी झटकला, तेवढंच माझं भाषण.

तुला एक सांगायचं आहे, आणि ते तुला आवडणार नाही.

लोक भेटायला येत होते. वहिनी समोरच्या खोलीत बसायच्या, मी दार उघडायचो. जे आले ते रडले, खरंच रडले, ते मी नाकारत नाही. पण तिसऱ्या-चौथ्या भेटीला माझ्या लक्षात आलं की दारापाशी, बुटांच्या मांडणीशेजारी, भिंतीला टेकवून काहीतरी राहतंय. पाट. माणसं सांत्वनाला येताना पाट घेऊन येत होती. जाताना चपला घालता घालता हळूच विचारायची, "काकू, तुम्ही आता करालच ना? रंग तर तुमचेच असायचे." बारावं-तेरावं होईपर्यंत भिंतीला पाटांची रांग लागली. ओकव्हिलचा पाट नवीन होता. जुन्यापेक्षा मोठा.

मी म्हटलं, वहिनी, हे सगळे पाट मी घेऊन जातो आणि माझ्या फायरप्लेसमध्ये घालतो. त्या म्हणाल्या, "नको, भावजी. आधी एक फोन लावून द्या."

स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी फोन ठेवला, स्पीकर लावला. तुझी ओट्याशेजारची खुर्ची मी ओढून घेतली. पलीकडे तीच एजंट बाई. तिने तुझ्याबद्दल दुःख व्यक्त केलं, मग नवीन पॉलिसीचे प्रश्न सुरू केले. घर किती जुनं, छप्पर कधी केलं, पाइप बदलले का. वहिनी एकेक उत्तर देत होत्या. मग तो प्रश्न आला. त्या घरातून काही बिझनेस चालतो का?

मी तोंड उघडलं होतं, सुध्या. काय बोलणार होतो मलाच माहीत नाही. कदाचित तेहतीस कोटी. वहिनींनी माझ्याकडे न बघता डावा हात वर केला. अगदी तसाच. मी गप्प झालो. मागे देव्हाऱ्यात तुझ्या हातचा, कायमचा ठेवलेला छोटा गणपती होता, त्याच्याकडेही त्यांनी पाहिलं नाही. आवाज चढला नाही, पडला नाही. दुधाचा रतीब सांगावा तशा त्या म्हणाल्या, "येस. वुई मेक गणपती. वुई सेल देम."